विद्यापीठाचा आइस हॉकी संघ वर्षानुवर्षं धरून बघायचा तर सुरुवात कुठून? (फ्रेडरिक्टन, यूएनबी रेड्स)

सांगलीकर_फ्रेडरिक्टन

नमस्कार मंडळी. पुढची पाचेक वर्षं मुक्काम कॅनडात फ्रेडरिक्टनला आहे, घरातली दोघं न्यू ब्रन्सविक विद्यापीठात शिकणार आहेत. आपल्याकडे हॉकी म्हटलं की मैदानावरची. इथे नुसतं हॉकी म्हटलं की बर्फावरचीच. गावात यूएनबी रेड्सचं, म्हणजे याच विद्यापीठाच्या संघाचं, वेड आहे आणि संघ खरोखरच दर्जेदार आहे, म्हणून एखाद-दुसरा सामना बघून सोडून देण्यापेक्षा नीट, जुन्या चाहत्यांसारखं मागे लागायचं ठरवलंय. तीन गोष्टी अडतात:

१) दर वर्षी पाच-सहा खेळाडू जातात, नवे येतात. नावं पाठ होईतो पोरगं पदवी घेऊन गेलेलं असतं. मग नक्की कुणाच्या मागे लागायचं?

२) एटकन सेंटरमध्ये (रेड्सची घरची रिंक) बसायचं कुठे आणि बघायचं काय? पक, म्हणजे ती रबरी चकती, दिसतच नाही.

३) सांगलीला वडील आहेत, त्यांनाही बघायचंय. वेळेचं गणित कसं बसवायचं?

नियमांची तोंडओळख आहे. ऑफसाइड, आयसिंग, पॉवर प्ले कळतं. त्याच्या पुढचं सांगा.

---

मंजिरी_अटलांटिक

पहिल्या प्रश्नातच सगळी मेख आहे, म्हणून तोच आधी घेते.

व्यावसायिक संघ बघताना आपण खेळाडू धरतो. विद्यापीठाच्या संघात धरायचं असतं ते *वर्ष*. कॅनडात यू स्पोर्ट्सच्या (विद्यापीठांच्या खेळांची राष्ट्रीय संस्था) नियमानुसार खेळाडूला जास्तीत जास्त पाच मोसम मिळतात. म्हणजे प्रत्येक खेळाडूच्या डोक्यावर घड्याळ आहे आणि ते किती वाजलं हे तुम्हाला पहिल्या दिवसापासून माहीत असतं. व्यावसायिक हॉकीत चाहत्याला ही सोय नाही.

असं करा. सप्टेंबरच्या शेवटी विद्यापीठाच्या संकेतस्थळावर संघाची यादी लागते, साधारण पंचवीस ते अठ्ठावीस नावं. एका वहीत किंवा शीटमध्ये सहा रकाने आखा: जर्सी क्रमांक, नाव, जागा, स्टिक डावी की उजवी, कितवं वर्ष, आधी कुठल्या ज्युनियर संघात होता. यादी क्रमांकाने लावू नका, वर्षाने लावा. पाचव्या वर्षाचे सगळ्यात वर. मग त्याच पानावर दोन गोष्टी आपोआप दिसतात. वरचे पाच-सहा जण मार्चनंतर नसणार. आणि त्यातले बरेचसे एकाच जागेचे असतील, समजा चार अनुभवी बचावपटू, तर पुढचा मोसम कुठे दुखणार हे आजच कळलं.

इथे एक चूक हमखास होते. यादीत 'वर्ष' म्हणून जे छापतात ते कधी शिक्षणाचं असतं, कधी खेळाच्या पात्रतेचं. तिसऱ्या वर्षाला शिकणारा मुलगा खेळायला पहिल्याच वर्षी आलेला असू शकतो. शिवाय कोविडमुळे २०२०-२१चा मोसम झाला नाही आणि तो कुणाच्याच पाचात धरला गेला नाही, त्यामुळे त्या काळातल्या जुन्या याद्या चाळताना हिशेब एकाने चुकतो. खात्रीचा उपाय म्हणजे एलिट प्रॉस्पेक्ट्स या हॉकीच्या आकडेवारीच्या संकेतस्थळावर खेळाडूचं पान उघडून विद्यापीठाकडून प्रत्यक्ष खेळलेले मोसम मोजणं.

पहिल्या वर्षाचा म्हणजे अठरा वर्षांचं पोर समजू नका. यातले बहुतेक जण विसाव्या वर्षापर्यंत ज्युनियर हॉकी खेळून येतात, म्हणजे 'नवा' मुलगा वीस-एकवीसचा आणि पाचव्या वर्षाचा पंचविशीतला. अंगापिंडाने पक्के पुरुष असतात, म्हणून खेळही तसाच जड आणि वेगवान. ते ज्युनियरमधून थेट विद्यापीठाकडे का वळतात, याला पैशांचंही कारण आहे. क्युबेक, ओंटारिओ आणि वेस्टर्न या तिन्ही मोठ्या ज्युनियर लीगमध्ये खेळलेल्या प्रत्येक मोसमामागे साधारण एका वर्षाच्या शिक्षणाचा खर्च मिळतो. चार मोसम खेळला तर चार वर्षांची फी. अटी लीगनुसार वेगळ्या आहेत, पण मुदतीत वापरली नाही तर ती सोय जाते आणि मोठा व्यावसायिक करार केला तरी सहसा जाते. म्हणून एप्रिल ते जुलैमध्ये कुठल्या ज्युनियर संघातला विशीचा मुलगा मोकळा होतोय हे बघणारा चाहता ऑक्टोबरची यादी निम्मी ओळखतो.

आता मागचं थोडं, कारण गॅलरीत शेजारी बसलेली मंडळी हेच बोलत असतात. संघाचं नाव आधी रेड डेव्हिल्स, मग व्हर्सिटी रेड्स, आता नुसतं रेड्स. राष्ट्रीय विजेतेपदं दहा: १९९८, २००७, २००९, २०११, २०१३, २०१६, २०१७, २०१९, २०२३, २०२४. यातली पहिली एक सोडली तर उरलेली नऊ गार्डिनर मॅकडूगल या एका प्रशिक्षकाच्या काळातली. ते २००० साली आले, २०२४ मध्ये ज्युनियर लीगमधल्या मॉन्क्टन वाइल्डकॅट्सकडे गेले. आणि जाताना २०२३-२४चा मोसम असा की साखळीतले ३० पैकी ३० सामने जिंकले, अख्खा मोसम ४३-०, शेवटी टोरंटोत त्र्वा-रिव्हिएरच्या पात्रिओतला ४-० हरवून चषक. पाच-सहा खेळाडू दर वर्षी जाणाऱ्या संघाला हे जमतं, यावरून भरती किती महत्त्वाची हे लक्षात येईल. म्हणून वहीचं मागचं पान प्रशिक्षकासाठी ठेवा: कोणाला पहिल्या वर्षीच पॉवर प्लेवर (समोरचा खेळाडू पेनल्टीत बाहेर असताना) सोडतो, कोणाला वर्षभर चौथ्या लाइनवर (एकत्र उतरणाऱ्या आघाडीपटूंची शेवटची तुकडी) मुरवतो. खेळाडू बदलतात, ही सवय बदलत नाही.

---

निळी_रेघ

मंजिरीताईंनी वही दिली, मी खुर्ची देतो.

एटकन सेंटर १९७६चं, हॉकीला तीन हजारांहून थोडी जास्त माणसं मावतात. एवढ्या लहान जागेत वाईट खुर्ची जवळजवळ नाही, पण नवखा माणूस जाऊन बसतो ते काचेला चिकटून. तिथे धडकेचा आवाज अंगावर येतो हे खरं, मात्र खेळ कळत नाही, कारण आपल्या बाजूचा बर्फ कठड्याआड जातो आणि अंतराचा अंदाज येत नाही. दहा-बारा ओळी वर, निळ्या रेषेच्या (जिथून हल्ल्याचा भाग सुरू होतो) आसपास बसा. बाजू कोणती? आपला संघ पहिल्या आणि तिसऱ्या वीस मिनिटांत ज्या गोलाकडे चढतो त्या बाजूची. म्हणजे तीनपैकी दोन सत्रांत हल्ला तुमच्यासमोर. पहिल्या सामन्याला वॉर्म-अपमध्येच बघून ठेवा: आपला गोलकीपर ज्या गोलात सराव करतो, पहिलं सत्र सहसा तिथेच राखतो. हल्ला त्याच्या उलट टोकाला.

पक दिसत नाही ही तक्रार सगळ्यांची, आणि त्यावर उपाय म्हणजे पक बघणं सोडून देणं. पक ज्याच्याकडे आहे त्याच्यापासून सर्वात लांब असलेल्या आपल्या खेळाडूकडे बघा. तो थांबला, वळला की धावला, यावरून पक पुढच्या दोन सेकंदांत कुठे जाणार हे कळतं. चार-पाच सामने असं केलंत की पक आपोआप दिसायला लागतो.

दुसरं सत्र वेगळं बघायचं असतं. पहिल्या आणि तिसऱ्या सत्रात आपला गोल आपल्या बेंचच्या बाजूला असतो. दुसऱ्या सत्रात बाजू बदलतात, पण बेंच तिथेच राहतो, म्हणून बचाव करताना बदलीसाठी गाठायचं अंतर वाढतं. याला लाँग चेंज म्हणतात. एक शिफ्ट, म्हणजे एका खेपेला बर्फावर काढलेला वेळ, साधारण ४०-५० सेकंदांची. बचावात अडकलेले पाचजण दीड मिनिट बर्फावर राहिले की पाय जड होतात, स्टिकवर ओणवे होतात आणि गोल बसतो. दुसऱ्या सत्रात स्कोअरबोर्डच्या घड्याळावर शिफ्ट मोजा. एका मिनिटाच्या वर कोणी अडकलं की पुढचे पंधरा सेकंद डोळे हलवू नका.

आता एकच प्रसंग जवळून दाखवतो, कारण तो एका सामन्यात आठ-दहा वेळा येतो आणि लोक नेमके तेव्हाच पॉपकॉर्नकडे वळतात. आयसिंग झालंय, म्हणजे मधल्या रेषेच्या अलीकडून पक थेट समोरच्या गोलरेषेपलीकडे मारलाय. ज्या संघाने केलं त्याला खेळाडू बदलता येत नाहीत, दमलेले पाचजण तसेच उभे. समोरचा संघ मात्र ताजी लाइन उतरवतो. फेस-ऑफ, म्हणजे दोघांमध्ये पक टाकून खेळ सुरू करणं, बचाव करणाऱ्यांच्या गोलाशेजारच्या वर्तुळात. इथे वहीतला 'स्टिक डावी की उजवी' हा रकाना कामाला येतो. डाव्या स्टिकचा सेंटर (फेस-ऑफ घेणारा मधला आघाडीपटू) आपल्या डाव्या हाताच्या वर्तुळात मजबूत, कारण बॅकहँडने पक कठड्याकडे ओढता येतो, उजव्याचं उलट. बर्फावर अडकलेला सेंटर चुकीच्या हाताचा असेल तर दुसरा कोणी, कधीकधी विंगरच (कडेचा आघाडीपटू), वर्तुळात येतो का बघा. अधिकाऱ्याने एकाला आगाऊपणाबद्दल वर्तुळाबाहेर काढलं की त्याच्या जागी कोण येतं तेही बघा. मग हल्ला करणाऱ्यांचे दोन बचावपटू निळ्या रेषेवर कुठे उभे आहेत ते बघा: त्यातला एक मध्याकडे सरकलेला असेल तर थेट फटका ठरलाय. हे सगळं पक टाकायच्या आधीच्या सहा-सात सेकंदांत होतं. पक पडल्यावर फक्त निकाल कळतो.

घरच्या संघाला शेवटची बदली करायचा हक्क असतो हेही लक्षात ठेवा. पाहुण्यांनी लाइन उतरवल्यावर आपला प्रशिक्षक कोणती पाठवतो, हे पहिल्या सत्रात तीन-चार थांब्यांना टिपलंत की समोरच्यांच्या कोणाला तो भितो हे कळतं. बाहेरच्या सामन्यात हा हक्क नसतो, म्हणून तीच लाइन घरी चमकते आणि बाहेर दबते. आकडे बघून खेळाडूला नावं ठेवायच्या आधी घर-बाहेर वेगळं मांडा.

दोन बारीक गोष्टी. जाळी गोलामागच्या टोकांना असते, बाजूला नसते; पक काचेवरून गॅलरीत येतो, तर खेळ चालू असताना मोबाइलमध्ये मान घालू नका. आणि लहान पोरांना घेऊन जाणार असाल तर बुडाखाली घडी घालून घ्यायला जुनी शाल न्या. थंडी अंगाआधी खुर्चीतून चढते.

---

सांगलीकर_फ्रेडरिक्टन

दोघांचेही मनापासून आभार, हे कुठे वाचायला मिळालं नव्हतं. वही आजच आखतो. वेळेचं कोणी सांगेल का? आणि बाहेरगावच्या सामन्यांना गाडीने जाणं कितपत जमण्यासारखं आहे?

---

पहाटे_साडेचार

सांगलीतल्या काकांच्या वेळेचं मी सांगतो. सगळे सामने त्या-त्या गावच्या संध्याकाळी ७ला धरा, बहुतेक तेव्हाच असतात.

फ्रेडरिक्टन, हॅलिफॅक्स, मॉन्क्टन, शार्लटटाउन: हिवाळ्यात आपल्यापेक्षा साडेनऊ तास मागे, म्हणजे सांगलीत पहाटे ४:३०. टोरंटो, ओटावा, माँट्रियल: ५:३०. सास्काटून: ६:३०. एडमंटन, कॅल्गरी: ७:३०.

घोळ दोन ठिकाणी होतो. पहिला, घड्याळं. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारपर्यंत इथे उन्हाळी वेळ चालू असते, म्हणून ऑक्टोबरचे फ्रेडरिक्टनचे सामने सांगलीत ३:३०ला सुरू होतात. मार्चच्या दुसऱ्या रविवारी घड्याळ पुन्हा तासभर पुढे जातं आणि राष्ट्रीय स्पर्धा त्याच सुमारास येते. वर्षभर साडेचारला उठणारा माणूस नेमकं मोसमातल्या सर्वात मोठ्या सामन्याला एक तास उशिरा उठतो. सास्काटूनला घड्याळ हलवत नाहीत, तिथले कायम ६:३०.

दुसरा घोळ वाराचा. इथला शुक्रवारचा सामना सांगलीत शनिवारी पहाटे. कॅलेंडरमध्ये नोंद करताना भारतीय वेळ हाताने घालू नका. सामना ज्या गावात आहे त्या गावचा टाइम झोन निवडून नोंद करा आणि ती काकांच्या फोनला पाठवा. फोन बाकीचं स्वतः करतो, घड्याळबदलासकट.

प्रक्षेपण: अटलांटिक, ओंटारिओ आणि पश्चिम कॅनडा या तिन्ही परिषदांचं (विद्यापीठ संघांचे प्रादेशिक गट) स्वतःचं वेब प्रक्षेपण आहे. काय फुकट आणि काय पैसे भरून हे बदलत असतं, तर सप्टेंबरअखेर परिषदेच्या संकेतस्थळावरच तपासा. सामन्याची लिंक घरच्या संघाच्या पानावरून मिळते, पाहुण्यांच्या नव्हे. बाहेरच्या सामन्याला रेड्सच्या पानावर शोधत बसतात आणि पहिलं सत्र जातं. चित्र बहुतेक वेळा मधल्या एका कॅमेऱ्याचं, म्हणून निळी_रेघ म्हणतात तसं पकपासून लांबचा खेळाडू त्यात दिसणार नाही. त्याची भरपाई म्हणून शेजारी लाइव्ह आकड्यांचं पान उघडं ठेवायचं: फटके, पेनल्टी, गोलच्या वेळी बर्फावर कोण. पण कधी आकडे चित्राच्या पुढे धावतात, कधी मागे पडतात. पुढे धावत असतील तर गोल आधीच कळून मजा जाते. तेव्हा पान फक्त दोन सत्रांमधल्या विश्रांतीत बघायला सांगा. तो वेळ चहाचाही.

---

हायवे_दोन

गाडीचं. अटलांटिक परिषदेत पुरुषांचे सातच संघ: यूएनबी, मॉन्क्टन, सेंट मेरीज, डलहौसी, अकेडिया, सेंट फ्रान्सिस झेवियर आणि प्रिन्स एडवर्ड आयलंड. साखळीत ३० सामने म्हणजे प्रत्येकाशी पाच. वर्षात पाचदा गाठ पडणारे शत्रू लगेच ओळखीचे होतात, आणि हीच या परिषदेची गोडी. फ्रेडरिक्टनमध्येच पूर्वी सेंट थॉमस विद्यापीठाचा संघ होता, दोन्ही विद्यापीठं एकाच टेकडीवर. त्यांचा पुरुष संघ २०१६ मध्ये बंद झाला. आता प्रांतातलं वैर एकच, मॉन्क्टनशी.

सुरुवात तिथूनच करा. १८० किलोमीटरच्या आसपास, दोन तासांत पोचता, रात्री परत येता येतं. मॉन्क्टनचं विद्यापीठ फ्रेंच, घोषणा आणि आरोळ्या फ्रेंचमध्ये, आणि त्यांच्या ऐग्ल ब्लू संघाने चार राष्ट्रीय विजेतेपदं मिळवलीत, तेव्हा प्रेक्षक जाणते आहेत. हॅलिफॅक्स साडेचारशे किलोमीटरच्या घरात. तिथे सेंट मेरीज आणि डलहौसी दोघंही असल्यामुळे वेळापत्रकात शुक्रवार-शनिवार असे लागोपाठ सामने बघून एक रात्र मुक्काम धरला तर एका फेरीत दोन सामने होतात. वुल्फव्हिल, म्हणजे अकेडिया, हॅलिफॅक्सच्या पुढे तासभर. अँटिगोनिशचं, म्हणजे सेंट फ्रान्सिस झेवियरचं, कीटिंग सेंटर लांब पडतं, पण गाव एवढंसं आहे की सामन्याच्या रात्री सगळा गाव तिथेच. प्रिन्स एडवर्ड बेटावर जायला १२.९ किलोमीटरचा कॉन्फेडरेशन पूल. टोल बेटावरून परतताना घेतात. फार वारा असला की पुलावर आधी उंच गाड्या थांबवतात, मग गरज पडली तर सगळ्याच. निघण्याआधी पुलाचं संकेतस्थळ बघा.

डिसेंबर ते मार्चमध्ये हिमाचे टायर असल्याशिवाय निघूच नका. गाडीत फावडं, ब्लँकेट, काच खरवडायचं खोरं, चार्जर आणि टाकी अर्ध्याच्या खाली जाऊ न देणं. रात्री परतीला मूस रस्त्यावर येतात; हे जनावर इतकं उंच की गाडीच्या दिव्यात पाय दिसतात, डोळे चमकत नाहीत, आणि धडकलं तर अंग काचेवर येतं. कुंपण नसलेल्या पट्ट्यात वेग कमी ठेवा. वादळाची सूचना असेल तर तिकिटाचे पैसे गेले असं समजून घरी बसा. सामने पुढे ढकललेही जातात. संघाची बसच निघत नाही.

---

हिरवा_सोनेरी_एडमंटन

अटलांटिकवाल्यांनी छान सांगितलं, पण पश्चिमेकडचं थोडं घाला, नाहीतर मार्चमध्ये समोर कोण आलं हेच कळणार नाही.

अल्बर्टा गोल्डन बेअर्सकडे १६ राष्ट्रीय विजेतेपदं आहेत, देशात सर्वात जास्त. टोरंटो व्हर्सिटी ब्लूजकडे १०, पण त्यांचं शेवटचं १९८४चं. राष्ट्रीय विजेत्याचा चषक १९६३ पासून आहे, पहिला मॅकमास्टरने जिंकला. एडमंटनच्या रिंकला क्लेअर ड्रेक यांचं नाव आहे. त्यांनी अल्बर्टाला सहा चषक मिळवून दिले आणि २०१७ मध्ये हॉकी हॉल ऑफ फेममध्ये त्यांचा समावेश झाला, ते मुख्यतः विद्यापीठातल्या कामासाठी. पेनल्टीमुळे आपला एक खेळाडू कमी असतानाही समोरच्यांवर दबाव कसा टाकायचा हे त्यांनी शिकवलं आणि कॅनडातल्या कित्येक प्रशिक्षकांनी त्यांच्याकडून उचललं. आजही देशातल्या सर्वोत्तम नव्या खेळाडूला मिळणारा पुरस्कार त्यांच्याच नावाचा आहे.

पश्चिमेत अंतरं प्रचंड, म्हणून संघ शुक्रवार-शनिवार त्याच गावात त्याच प्रतिस्पर्ध्याशी दोनदा खेळतात. हे बघायला वेगळी नजर लागते. शुक्रवारी दिलेली धडक शनिवारी परत मिळते. शुक्रवारी चाललेला पॉवर प्ले शनिवारी बंद पाडलेला असतो. दोन्ही रात्री सलग बघा, एकच बघू नका. आणि कधी जानेवारीत कॅल्गरीला असाल तर डिनोज (कॅल्गरी विद्यापीठ) विरुद्ध माउंट रॉयल कूगर्स हा क्राउचाइल्ड क्लासिक बघाच. एनएचएलच्या (सर्वोच्च व्यावसायिक लीग) सॅडलडोममध्ये विद्यापीठाच्या सामन्याला दहा हजारांवर माणूस जमलेलं आहे.

राष्ट्रीय स्पर्धा मार्चमध्ये, आठ संघ, चार दिवस, पहिल्या फेरीपासून हरला तो विजेतेपदाच्या बाहेर. २०१५ पासून असंच. यजमानाला आपोआप जागा मिळते, मग त्याचा मोसम कसाही असो. अटलांटिकच्या अंतिम फेरीतले दोघेही जातात, म्हणून ती अंतिम फेरी हरली तरी मोसम संपत नाही. नवे चाहते तिथेच खचतात. मोसमभर येणारी पहिल्या दहांची क्रमवारी मतांवर असते, तिच्यावर जीव टाकू नका. मार्चमध्ये एका रात्री एक गोलकीपर उभा राहिला की पहिला मानांकित संघ घरी जातो. म्हणून डिसेंबरनंतर वहीत दुसऱ्या गोलकीपरचे सामनेही टिपा. तीन सामने चार दिवसांत खेळायचे असतात.

आणखी दोन गोष्टी नवख्याला गोंधळात टाकतात. विषम वर्षांत जानेवारीत जागतिक विद्यापीठ हिवाळी खेळ असतात (२०२३ला लेक प्लॅसिडमध्ये कॅनडाच्या पुरुषांनी सुवर्ण घेतलं, प्रशिक्षक मॅकडूगलच). त्या काळात चांगल्या संघांतले दोन-चार मोहरे परदेशात असतात, तेव्हाचे निकाल बघून संघ ढासळला म्हणू नका. आणि मार्चनंतर पाचव्या वर्षाचे खेळाडू आठवडाभरात ईसीएचएल किंवा एएचएल या एनएचएलखालच्या व्यावसायिक लीगच्या संघांत उरलेल्या मोसमासाठी दिसतात. वहीतली वरची नावं तिथे शोधा.

सर्वात मोठा बदल आत्ता चालू आहे. नोव्हेंबर २०२४ मध्ये अमेरिकेच्या एनसीएएने (तिथल्या विद्यापीठ खेळांची संस्था) ठरवलं की कॅनडाच्या मोठ्या ज्युनियर लीगमधले खेळाडू १ ऑगस्ट २०२५ पासून त्यांच्याकडे खेळू शकतील. आधी ते दार बंद होतं, म्हणून ज्युनियरनंतर शिकत खेळायचं तर कॅनडाचीच विद्यापीठं. आता त्यातले वरचे खेळाडू दक्षिणेला जातायत. मंजिरीताईंच्या वहीत 'आधी कुठे होता' हा रकाना आहेच. त्यात ज्युनियरमधल्या शेवटच्या मोसमातले गोल-असिस्टही लिहा. दोन-तीन वर्षांत भरतीचा दर्जा कुठे सरकला हे तुमच्याच वहीतून दिसेल.

---

मंजिरी_अटलांटिक

एडमंटनकरांशी सहमत, फक्त एक भर. 'वरचे जातायत' म्हणजे इथे उरतात ते कच्चे, असा अर्थ लावू नका. उशिरा पिकणारे खेळाडू इथेच पिकतात. जोएल वॉर्ड प्रिन्स एडवर्ड आयलंडकडून, डेरेक रायन अल्बर्टाकडून, लोगन थॉम्पसन ब्रॉककडून खेळून एनएचएलमध्ये गेले, आणि तिघांपैकी एकालाही एनएचएलच्या ड्राफ्टमध्ये (तरुण खेळाडूंची वार्षिक निवड) कोणी उचललं नव्हतं.

आणि सांगलीकर, महिला संघ विसरू नका. यूएनबीने २००८ मध्ये महिलांचा संघ बंद केला होता, तो २०१८ मध्ये परत आला. त्याच एटकन सेंटरमध्ये खेळतात. महिलांच्या खेळात मोकळ्या बर्फावर अंगावर धडक मारायला बंदी, त्यामुळे पास आणि जागा घेणं स्वच्छ दिसतं. खेळ वाचायला शिकायचं असेल तर महिन्यातून दोन सामने हेच बघा. दर्जाबद्दल शंका असेल तर हेली विकेनहायझर २०१२ मध्ये कॅल्गरीकडून खेळताना राष्ट्रीय विजेती झाली, हे पुरे.

---

सांगलीकर_फ्रेडरिक्टन

वही आखून झाली. वर्षाने लावल्यावर एक गोष्ट लगेच दिसली: उजव्या स्टिकचे सेंटर दोनच, आणि त्यातला एक शेवटच्या वर्षाला. निळी_रेघ, मग उजव्या वर्तुळातले फेस-ऑफ पुढच्या वर्षी त्रासाचे ना?

---

निळी_रेघ

बरोबर. आता जानेवारीपासून बघा, उरलेल्या एकाला आपल्या गोलाजवळच्या उजव्या वर्तुळात मुद्दाम पाठवायला लागतात का, आणि आघाडी दोन गोलांची असताना एखाद्या पहिल्या-दुसऱ्या वर्षाच्या उजव्या स्टिकच्या विंगरला तिथे उभं करून बघतात का. तसं केलं तर पुढच्या वर्षीचा सेंटर तोच. त्याच्या नावापुढे खूण करून ठेवा.